फाइलीत परस्पर बदल झाला तर?

उत्तर कन्नड जिल्ह्यातला जोयडा तालुका जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘सुपा’च आहे. काळी नदीवर गणेशगुडीजवळ १०१ मीटर उंचीचं सुपा धरण झालं, सुपा गाव पाण्याखाली गेलं, तालुक्याची कचेरी जोयड्याला आली आणि विस्थापितांपैकी अनेक घरं रामनगरला वसली. गाव बुडालं तरी उतारे बुडून चालत नाही. कोणाची किती जमीन गेली, बदल्यात कुठे मिळाली, कोणाच्या नावावर चढली, हे कागदावर असावं लागतं. त्यातली एक ओळ चुकीची लागली, तर पुढची पिढी कचेरीचे उंबरठे झिजवते. इथल्या मराठी आणि कोकणी घरांत म्हणूनच उतारा ट्रंकेत, प्लास्टिकच्या पिशवीत, देवाच्या फोटोइतका जपून ठेवलेला असतो.

ही ओळ परस्पर कोणी बदलू नये यासाठी कर्नाटकाने संगणक आणला. ‘भूमी’ योजनेत सुमारे ६७ लाख खातेदारांचे सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर चढले, आणि २००२ पर्यंत तालुक्यामागून तालुक्यात हस्तलिखित उतारा बाद ठरत गेला. फेरफार मंजूर करणाऱ्या कर्मचाऱ्याला नुसता पासवर्ड पुरत नाही, बोटाचा ठसा द्यावा लागतो. अर्ज ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने निकाली काढायचे, मधला अर्ज पुढे ढकलायचा नाही. फेरफार कोणी, कधी आणि कोणत्या अर्जावरून केला हे मागून शोधता यावं, हा या सगळ्या मांडणीचा गाभा आहे.

कोणताही चांगला डेटाबेस आपल्या पोटातल्या नोंदींची अशीच राखण करतो. जगभर वापरला जाणारा, फुकट मिळणारा पोस्टग्रेस घ्या. मूळ नोंद डिस्कवर बदलण्याआधी तो होणारा बदल एका रोजनाम्यात लिहितो. मध्येच वीज गेली तर उठल्यावर रोजनामा वाचतो आणि अर्धवट राहिलेलं काम निस्तरतो. एकाच ओळीला दोघांनी एकदम हात घातला तर दुसऱ्याला थांबवून ठेवतो. डिस्कवरच्या प्रत्येक पानाला पडताळणीचा आकडा, म्हणजे चेकसम, लावता येतो. २०२५ च्या अठराव्या आवृत्तीपासून नवा डेटाबेस उभारताना तो आपोआपच लागतो.

या सगळ्या बंदोबस्ताचे नियम मात्र एका साध्या मजकुराच्या फाइलीत असतात. किती मेमरी घ्यायची, एका वेळी किती जणांना जोडू द्यायचं, नोंद डिस्कवर खरोखर उतरेपर्यंत थांबायचं की नाही, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. कोणाला कोणत्या पत्त्यावरून आत घ्यायचं हे शेजारच्या दुसऱ्या फाइलीत असतं, तीही तशीच साधी. ज्याला परवानगी आहे तो कुठल्याही एडिटरमध्ये फाइल उघडतो, बदलतो, सेव्ह करतो. त्या बदलाची रोजनाम्यात नोंद होत नाही, पानाला चेकसम नसतो, दुसऱ्याने त्याच वेळी उघडली तर कोणी अडवत नाही. ‘एफसिंक’ या सेटिंगपुढे ‘ऑफ’ लिहिलं की डेटाबेस नोंद डिस्कवर पक्की उतरल्याची खात्री करायचं थांबवतो. मग वीज गेल्यावर वर्षानुवर्षांच्या नोंदी कायमच्या बिघडू शकतात. नोंदींना ठसा लागतो आणि नोंदी सांभाळायच्या नियमाला काहीच लागत नाही, ही विसंगती या प्रकरणाचा विषय आहे.

मग ही फाइल कुलूपबंद का करत नाहीत? कारण सर्व्हर उठत नसेल तेव्हाही ती दुरुस्त करता आली पाहिजे. सेटिंग्ज डेटाबेसच्या पोटात ठेवल्या आणि त्यातल्याच एकीमुळे डेटाबेस उघडेनासा झाला, तर आत शिरायचं कसं? ओरॅकलने २००१ च्या ‘नाइन आय’ आवृत्तीत बायनरी सेटिंग फाइल आणली आणि ती हाताने बदलू नका असं बजावलं. तरी अडचणीच्या वेळी त्या फाइलीची साध्या मजकुराची प्रत काढून तिच्यावरून डेटाबेस उठवण्याची वाट त्यांनाही ठेवावी लागली. तुमच्या फोनमध्ये असलेल्या एस्क्यूलाइट या डेटाबेसला ही चिंता नाही, कारण त्याला वेगळा सर्व्हर नाही आणि सेटिंगची फाइलही नाही. ज्याला सर्व्हर आहे त्याला अशी फाइल लागते, आणि ती माणसाच्या हातात असावी लागते. फाइलीत परस्पर झालेला बदल हा गुन्हा समजून सॉफ्टवेअरने तो खोडू नये, हे माझं पहिलं म्हणणं. फाइल तिच्या मालकाची आहे.

पण मालकाचा हातही चुकतो. समजा, तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेचा सर्व्हर आहे. तो सांभाळणारा तंत्रज्ञ हुबळीत बसतो आणि फोनवरून सांगतो, “शेअर्ड बफर्सच्या पुढे एकशे अठ्ठावीस एमबी लिहा.” इथला कर्मचारी १२८ लिहितो, ‘एमबी’ राहून जातं. पोस्टग्रेसला हा आकडा पूर्ण वैध वाटतो. मेमरी किती घ्यायची हे सांगणाऱ्या या सेटिंगचं मूळ एकक म्हणजे त्याचं एक पान, आणि ते पान आठ केबीचं. १२८ गुणिले ८ म्हणजे १,०२४ केबी, म्हणजे अवघा एक एमबी. या सेटिंगची किमान मर्यादाच १२८ केबी असल्यामुळे तक्रारीला जागा नाही. पुढच्या वेळी सर्व्हर उठतो, चालतो, पण पासबुक छापायच्या रांगेतल्या माणसांना ताटकळावं लागतं. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या कामकाजाच्या नोंदवहीत, चूक दाखवणारी एकही ओळ नसते.

हाच कर्मचारी ‘एमबी’ची दोन्ही अक्षरं लहान लिपीत टाइप करता, तर पोस्टग्रेसने ती किंमत नाकारली असती आणि कोणती एककं चालतात त्यांची यादीही दिली असती. व्हॉट्सअॅपवरून ओळ उचलून चिकटवली आणि सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हं आली, तरी मेमरीची ती किंमत नाकारली जाते. म्हणजे उघड चूक पकडली जाते आणि वैध दिसणारी चूक आत शिरते. अशा चुकीवर सॉफ्टवेअरला एकच काम करता येतं: आपण काय समजलो ते एककासह परत सांगणं. पोस्टग्रेस ते करतो. ‘शो’ आज्ञा देऊन शेअर्ड बफर्स विचारलं की तो ‘एक एमबी’ असं स्वच्छ उत्तर देतो. विचारणारा कोणी पाहिजे.

आता नाकारण्याचं बघू. फाइल दोन प्रसंगी वाचली जाते. सर्व्हर सुरू होताना आणि चालू सर्व्हरला ‘पुन्हा वाच’ असं सांगितल्यावर. दोन्ही प्रसंगी चुकीला एकच उत्तर देता येत नाही. सुरू होताना चूक दिसली तर पोस्टग्रेस उठायलाच नकार देतो. हे योग्यच आहे, कारण अंदाजाने डीफॉल्ट किमती धरून उठलेला सर्व्हर काय करील याची हमी कोणीही देऊ शकत नाही. चालू असताना चूक दिसली तर मात्र तो बंद पडत नाही. आधीच्या चांगल्या किमतींवर काम सुरू ठेवतो आणि लॉगमध्ये फाइलीचं नाव आणि दोष लिहितो. एका टायपिंगच्या चुकीसाठी दोनशे माणसांचं काम बंद पाडायचं नाही, हा साधा शहाणपणा त्यात आहे.

एका ठिकाणी मात्र मला पोस्टग्रेसचं पटत नाही. ओळीची रचनाच चुकली किंवा अस्तित्वात नसलेल्या सेटिंगचं नाव आलं, तर तो संपूर्ण फाइल बाजूला ठेवतो. पण नाव बरोबर आणि किंमत चूक असेल, तर तेवढी ओळ सोडून बाकीचे बदल लागू करतो आणि तसं लॉगमध्ये नोंदवतो. परिणाम असा की चालू सर्व्हर कालच्या फाइलीसारखाही नसतो आणि आजच्या फाइलीसारखाही नसतो. एकमेकींवर अवलंबून असलेल्या दोन सेटिंग्ज बदलल्या आणि त्यातली एकच लागली, तर घोळ शोधायला रात्र जाते. कोणाला आत घ्यायचं ते सांगणाऱ्या फाइलीच्या बाबतीत तोच पोस्टग्रेस कडक आहे. तिथे एक ओळ चुकली की नवी फाइल पूर्ण नाकारली जाते आणि जुने नियम लागू राहतात. त्या फाइलीत वरून खाली वाचत जो नियम पहिला जुळेल तो लागू होतो, त्यामुळे मधली एक ओळ गळली तर नको तो माणूस आत येऊ शकतो. तीच शिस्त मुख्य फाइलीलाही लावायला हवी होती. सगळे बदल घ्या, नाहीतर एकही घेऊ नका.

सगळ्यात मोठा धोका मात्र वेगळाच आहे. फाइल बदलण्याचा क्षण आणि बदल लागू होण्याचा क्षण यांच्यात कितीही काळ जाऊ शकतो. मेमरीसारख्या काही सेटिंग्ज ‘पुन्हा वाच’ म्हणून लागू होत नाहीत, सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. मार्चमध्ये कोणी तरी १६ जीबी मेमरीच्या यंत्रावर शेअर्ड बफर्सपुढे ६४ जीबी लिहून ठेवलं. आकडा वैध आहे, सर्व्हर जुन्याच किमतीवर सुखाने चालतोय. मग जुलै येतो. जोयड्यात सह्याद्रीचा पाऊस कोसळतो, झाड तारांवर पडतं, वीज जाते, यूपीएसची बॅटरी संपते. काळीच्या पाण्यावर सुप्यात १०० मेगावॉट आणि पुढे नागझरीच्या वीजघरात त्याच्या कित्येक पट वीज तयार होते, पण गावात येणारी तार झाडाखालूनच जाते. वीज परत येते, सर्व्हर उठू पाहतो, ६४ जीबी मागतो आणि कोसळतो. मार्चमधला बदल कोणाच्या ध्यानीमनी नसतो. सगळे हार्डडिस्क तपासत बसतात.

पोस्टग्रेसने हा धोका ओळखला आहे, पण अर्धाच. २०१६ च्या जानेवारीत आलेल्या ९.५ आवृत्तीत दोन सोयी मिळाल्या. एक म्हणजे ‘पेंडिंग रीस्टार्ट’ नावाचा रकाना. फाइल पुन्हा वाचली आणि एखादी सेटिंग रीस्टार्टशिवाय लागणार नसेल, तर त्या रकान्यात खूण उमटते. दुसरी ‘पीजी फाइल सेटिंग्ज’ नावाची यादी. ही यादी मागितली की पोस्टग्रेस त्या क्षणी फाइल वाचून दाखवतो, लागू काहीच करत नाही. प्रत्येक ओळीपुढे फाइल कोणती, ओळ कितवी, नाव काय, किंमत काय, ती लागू होईल का आणि नसेल तर कारण काय, हे रकाने असतात. एकच सेटिंग दोनदा लिहिली असेल तर शेवटची धरली जाते. पहिलीपुढे ‘लागू नाही’ असं दिसतं आणि गोंधळ जागच्या जागी कळतो. बदल करणाऱ्याला परिणाम आधी दाखवणं, ही मला या सगळ्या कारभारातली सगळ्यात प्रामाणिक सोय वाटते.

उणीव अशी, की या दोन्ही सोयी कोणी तरी विचारल्यावर किंवा फाइल वाचायला सांगितल्यावरच बोलतात. फाइल बदलली आणि माणूस विसरला, तर सर्व्हरला पत्ताही नसतो. काही जण म्हणतील, सर्व्हरनेच फाइलीवर नजर ठेवावी आणि बदलली की लगेच लागू करावी. हे धोक्याचं आहे. अर्धवट सेव्ह झालेली फाइल, पाचपैकी दोनच ओळी बदलून चहाला उठलेला माणूस, अशा वेळी घाईने वाचणारा सर्व्हर अनर्थ करील. लागू करण्याचा हुकूम माणसानेच द्यावा. पण फाइल बदलल्याची तारीख पाहणं काही अवघड नाही. ‘शेवटच्या वाचनानंतर फाइल बदलली आहे, मी ती वाचलेली नाही’ एवढी एक ओळ डेटाबेसने रोज लॉगमध्ये लिहिली, तर मार्चमधला बदल मार्चमध्येच सापडेल. सॉफ्टवेअरने परस्पर बदलाला द्यायचा पहिला प्रतिसाद हाच असावा असं मी ठामपणे म्हणेन. तो अजून पोस्टग्रेसमध्ये नाही.

माणसाबरोबर सॉफ्टवेअरही त्याच फाइलीत लिहायला लागलं की नवी पंचाईत होते. पोस्टग्रेसच्या २०१४ मधल्या ९.४ आवृत्तीत ‘ऑल्टर सिस्टिम’ ही आज्ञा आली. भारतातल्या अमित कपिला यांचं हे काम. या आज्ञेमुळे फाइल न उघडता, डेटाबेसमध्ये बसूनच सेटिंग बदलता येते. रचनाकारांनी इथे एक शहाणपणाचा निर्णय घेतला. माणसाची फाइल माणसाकडेच ठेवली आणि आज्ञेसाठी ‘ऑटो’ नावाची वेगळी फाइल काढली. ती शेवटी वाचली जाते, त्यामुळे तिच्यातली किंमत वरचढ ठरते. तिच्या माथ्यावरच लिहिलेलं असतं की ही फाइल हाताने बदलू नका, आज्ञा दिली की ती पुन्हा लिहिली जाईल. पुन्हा लिहितानाही आधी तात्पुरती फाइल तयार होते, ती डिस्कवर पक्की होते आणि मगच जुन्या नावाने जागेवर बसते. वीज गेली तर जुनी फाइल तरी अखंड असते किंवा नवी तरी.

तरीही लोक त्या फाइलीत हात घालतातच. माणसंच नव्हे, इतर प्रोग्रामही. २०१९ च्या बाराव्या आवृत्तीत प्रतिकृती सर्व्हरसाठी असलेली ‘रिकव्हरी’ नावाची वेगळी फाइल रद्द झाली आणि तिच्यातल्या सेटिंग्ज नेहमीच्या सेटिंग्जमध्ये आल्या. बॅकअप घेणारं साधन आपल्या ओळी या ‘ऑटो’ फाइलीच्या शेवटी जोडू लागलं. पुन्हा बॅकअप, पुन्हा त्याच नावाच्या ओळी. मग आज्ञेने किंमत बदलली आणि बदल पहिल्या ओळीत झाला, तर शेवटची जुनी ओळच लागू राहणार. यावर उपाय असा झाला की आज्ञा आता त्या नावाच्या सगळ्या जुन्या ओळी काढून एकच नवी लिहिते. ‘हात लावू नका’ अशी पाटी असलेल्या फाइलीतही कोणी लिहिलंय हे गृहीत धरून चालायचं, हा त्यातला धडा. फाइलीची रचनाच मोडलेली असेल, तर आज्ञा ती आपल्या अंदाजाने सुधारत नाही. फाइल वाचता येत नाही असं सांगून थांबते. आणि जुन्या सवयीने कोणी ‘रिकव्हरी’ फाइल ठेवलीच, तर बारावी आवृत्ती ती गुपचूप दुर्लक्षित करत नाही, सुरू व्हायलाच नकार देते. दुर्लक्ष केलं असतं, तर प्रतिकृती म्हणून ठेवलेला सर्व्हर स्वतःला मुख्य समजून नव्या नोंदी घेऊ लागला असता.

बदल कोणी केला, या प्रश्नावर मायएस्क्यूएल पुढे आहे. त्याच्या आठव्या आवृत्तीत ‘सेट पर्सिस्ट’ आज्ञेने केलेला बदल वेगळ्या फाइलीत जातो आणि प्रत्येक सेटिंगसोबत वेळ, वापरकर्ता आणि कोणत्या यंत्रावरून बदल झाला तेही नोंदलं जातं. भूमीतल्या फेरफाराच्या नोंदीचं हे जवळचं भावंड. मायएस्क्यूएलचा आणखी एक नियम मला आवडतो. सेटिंगची फाइल कोणालाही लिहिता येईल अशी उघडी ठेवलेली असेल, तर तो इशारा देऊन ती वाचतच नाही. रेडिस या डेटाबेसची रीत पुन्हा वेगळी. तो माणसाच्याच फाइलीत बदल लिहितो, पण माणसाने लिहिलेल्या टिपा आणि फाइलीची मांडणी शक्यतो राखतो. हे फार महत्त्वाचं आहे, कारण ‘ही किंमत का ठेवली’ याचं कारण बहुतेक वेळा त्या टिपेतच असतं, आणि टीप पुसली गेली की नव्या माणसाला कारण कळायचा मार्ग उरत नाही.

२०२४ च्या सतराव्या आवृत्तीत पोस्टग्रेसने ‘ऑल्टर सिस्टिम’ आज्ञा बंद ठेवण्याची सोय दिली. शेकडो सर्व्हरच्या फाइली बाहेरची साधनं तयार करतात, तिथे आतून झालेला बदल त्या साधनांच्या हिशेबात बसत नाही, त्यासाठी ही सोय. ही सुरक्षेची सोय नाही, हे त्यांच्या अधिकृत माहितीतच लिहिलं आहे, आणि ते खरं आहे. ज्याला डेटाबेसचे पूर्ण अधिकार आहेत किंवा फाइल लिहिता येते, तो आधीच घरात आहे. त्याला सेटिंगने अडवता येत नाही. त्याने काय केलं ते मागून दिसेल एवढी व्यवस्था करता येते.

हाताने केलेल्या बदलापुढे नाव आणि तारीख मात्र पोस्टग्रेस आजही लिहीत नाही. ते काम बाहेरून करावं लागतं. लिनक्सवर ‘ईटीसीकीपर’ नावाचं साधन सेटिंग्जचं फोल्डर गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास जपणाऱ्या व्यवस्थेत, ठेवतं आणि कालची फाइल आणि आजची फाइल यांतला फरक ओळीओळीने दाखवतं. फुकट आहे, बसवायला अर्धा तास पुरतो.

तुमच्या संस्थेचा, शाळेचा किंवा दवाखान्याचा डेटाबेस तुमच्या ताब्यात असेल, तर पावसाळ्याआधी एवढं करा. सेटिंग्जची फाइल गिटमध्ये घाला. बदल केल्यावर ‘पीजी फाइल सेटिंग्ज’ची यादी पाहा, रीस्टार्ट मागणाऱ्या सेटिंग्ज सोडून तिच्यात एकही दोष नसेल तरच फाइल पुन्हा वाचायला सांगा. मग ‘पेंडिंग रीस्टार्ट’चा रकाना पाहा. तिथे एखादं नाव दिसलं, तर वीज जाण्याची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात, दिवसा, तंत्रज्ञ फोनवर असताना सर्व्हर स्वतः बंद करून पुन्हा सुरू करा.